समुद्रातला काजवा

जपानच्या किनाऱ्यालगत, उथळ समुद्रातल्या वाळूत, तिळाएवढा एक प्राणी राहतो. जपानी लोक त्याला ‘उमि-होतारु’ म्हणजे समुद्रातला काजवा म्हणतात. त्याचे शास्त्रीय नाव व्हार्गुला हिल्गेनडॉर्फी. पूर्ण वाढ झालेल्या प्राण्याची लांबी जेमतेम ३ मिलिमीटर. कुणी त्याला धरू पाहिले, की तो तोंडाजवळून पाण्यात एक स्राव सोडतो आणि त्या जागी निळ्या प्रकाशाचा ढग पसरतो. जमिनीवरच्या काजव्याचा प्रकाश त्याच्या पोटात पेटतो आणि तिथेच विझतो. समुद्रातल्या या काजव्याचा प्रकाश शरीराबाहेर, पाण्यात तयार होतो. त्यामुळे प्रकाश एका जागी आणि प्राणी दुसऱ्या जागी असे घडू शकते. त्याचा बचाव, त्याच्या नातेवाइकांचे प्रणयाराधन आणि प्रयोगशाळेत त्याला मिळालेले महत्त्व या तिन्ही गोष्टींचे मूळ इथेच आहे.

कोळंबी, खेकडा आणि शेवंड ज्या कवचधर वर्गात मोडतात, त्याच वर्गातला हा प्राणी. त्याच्या गटाला ऑस्ट्रॅकॉड म्हणतात. हा गट फार जुना आहे. सुमारे ४५ कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांतही त्याचे जीवाश्म सापडतात. समुद्र, नद्या, तळी, डबकी अशा सर्व ठिकाणी आज ऑस्ट्रॅकॉडच्या हजारो जाती आढळतात. बहुतेक जाती एक-दोन मिलिमीटरच्या आतबाहेरच्या असतात आणि त्यातल्या फार थोड्या प्रकाश निर्माण करतात. जपानी जातीचे वर्णन जर्मन प्राणिशास्त्रज्ञ गुस्ताव्ह विल्हेल्म म्यूलर यांनी १८९० मध्ये प्रसिद्ध केले. १८७० च्या दशकात टोकियोत अध्यापन करणारे फ्रान्झ हिल्गेनडॉर्फ यांचे नाव तिला मिळाले. तेव्हा तिचा समावेश सायप्रिडिना या प्रजातीत होता. जुन्या शोधनिबंधांत म्हणूनच ती सायप्रिडिना याच नावाने भेटते.

दोन झडपांच्या आत

या प्राण्याचे सगळे शरीर दोन झडपांच्या कवचात मावलेले असते. झडपा पाठीच्या बाजूला बिजागरीने जोडलेल्या असतात आणि आतला एक स्नायू आवळला गेला, की त्या मिटतात. बाहेरून पाहणाऱ्याला हा बारीकसा शिंपला वाटेल. पण शिंपल्यात असतो तसा मऊ गोळा इथे नसतो. आत असतो तो सांध्यासांध्यांचे पाय, शृंगिका आणि डोळे असलेला प्राणी. कवच पातळ आणि पारदर्शक असल्यामुळे सूक्ष्मदर्शकाखाली त्याचे हृदय, अन्ननलिका आणि अंडी जिवंतपणीच पाहता येतात. अनेक ऑस्ट्रॅकॉडना हृदय नसते. व्हार्गुलाच्या कुळातल्या जातींना ते असते.

कवचाच्या पुढच्या टोकाला चोचीसारखा भाग आणि त्याखाली एक खाच असते. झडपा जवळजवळ मिटलेल्या असतानाही या खाचेतून शृंगिका बाहेर काढता येतात. शृंगिकांच्या दोन जोड्या असतात. पहिली जोडी वास आणि स्पर्श जाणते. नरात या जोडीवर बारीक चूषकही असतात आणि मीलनाच्या वेळी मादीला धरायला ते उपयोगी पडतात. दुसरी जोडी लांब केसांची झालर असलेली आणि बळकट स्नायूंची असते. पोहण्याचे काम तिचे. इतर अनेक प्राणी पाय मारून पोहतात; हा प्राणी शृंगिका मारून पोहतो.

त्यामागे अन्न पकडणारे, फाडणारे आणि तोंडाकडे ढकलणारे अवयव येतात. त्यातल्या एका जोडीला पंख्यासारखी पट्टी असते. ती सतत हलत राहते आणि कवचात ताजे पाणी खेळते ठेवते. सातवी म्हणजे शेवटची जोडी सगळ्यात विचित्र. ती लांब, लवचीक आणि टोकाशी केसाळ असते. चालणे, पोहणे, खाणे यांपैकी कोणत्याही कामी ती येत नाही. कवचाच्या आतला भाग आणि मादीच्या बाबतीत तिथे ठेवलेली अंडी झाडूनपुसून स्वच्छ ठेवणे एवढेच तिचे काम. शरीराच्या मागच्या टोकाला नख्यांची दुहेरी पट्टी असते. वाळू उकरताना तिचा आधार मिळतो.

डोक्याच्या दोन्ही बाजूंना संयुक्त डोळे असतात आणि मधोमध एक साधा डोळा असतो. ज्या भागावर या प्राण्याची कीर्ती उभी आहे, तो याच परिसरात, वरच्या ओठात आहे. ओठातल्या ग्रंथी लांबट पेशींच्या असतात आणि बारीक तोंडांनी बाहेर उघडतात. काही पेशींत ल्युसिफेरिन नावाचे पिवळे द्रव्य साठवलेले असते, काहींत ल्युसिफरेज नावाचे विकर. पिवळ्या रंगामुळे हा ओठ पारदर्शक कवचातूनही ओळखू येतो.

दिवसा वाळूत, रात्री पाण्यात

दिवसभर हा प्राणी वाळूत दडून राहतो. अंधार पडला की वर येतो आणि तळाजवळ पोहत अन्न शोधतो. मेलेले मासे, किनाऱ्यावरच्या प्राण्यांचे अवशेष आणि लहान कृमी हा त्याचा आहार. मेलेल्या माशाचा वास लागला, की थोड्याच वेळात त्यावर शेकडोंची गर्दी होते. समुद्रतळ साफ ठेवणाऱ्या प्राण्यांमध्ये त्यांचाही वाटा असतो. त्यांना गोळा करण्याची जपानी पद्धत याच सवयीवर बेतलेली आहे. बरणीच्या झाकणाला भोके पाडायची, आत माशाचा किंवा काळजाचा तुकडा ठेवायचा आणि रात्री धक्क्यावरून ती दोरीने तळाला सोडायची. वासाने आलेले प्राणी भोकांतून आत शिरतात.

मादी अंडी पाण्यात सोडून देत नाही. कवच आणि पाठ यांच्यामधल्या पोकळीत ती अंडी सांभाळते. खेकडा किंवा कोळंबी यांची पिल्ले सुरुवातीला आईबापांसारखी मुळीच दिसत नाहीत आणि बराच काळ पाण्यात तरंगत राहतात. इथे तसे नसते. आईच्या कवचातून बाहेर पडणारे पिल्लू प्रौढाची लहान प्रत असते. त्याला झडपा असतात आणि प्रकाशही सोडता येतो. पुढे ते टप्प्याटप्प्याने कात टाकत वाढते. पाच बालावस्था संपल्या की ते प्रौढ होते.

प्रकाश कसा तयार होतो

ओठाभोवतीचे स्नायू आवळले गेले, की दोन्ही प्रकारच्या पेशींतला माल एकाच वेळी बाहेर फेकला जातो. पाण्यात ल्युसिफेरिन आणि ल्युसिफरेज एकमेकांत मिसळतात. विकराच्या मदतीने ल्युसिफेरिनचा पाण्यात विरघळलेल्या ऑक्सिजनशी संयोग होतो, कार्बन डायऑक्साइड सुटतो आणि मोकळी झालेली ऊर्जा प्रकाशाच्या रूपाने बाहेर पडते. उष्णता जवळजवळ निर्माण होत नाही. या प्रकाशाची तरंगलांबी सुमारे ४६० नॅनोमीटर, म्हणजे निळी. समुद्राच्या पाण्यात निळा प्रकाश इतर रंगांपेक्षा दूर जातो, त्यामुळे हा रंग तिथे उपयोगाचा ठरतो.

जमिनीवरच्या काजव्याला प्रकाशासाठी पेशीतले एटीपी हे ऊर्जाद्रव्य खर्च करावे लागते. व्हार्गुलाच्या अभिक्रियेला एटीपी लागत नाही. पेशीतले काहीच लागत नसल्यामुळे ती पेशीबाहेर, उघड्या पाण्यात होऊ शकते. दोन्ही द्रव्ये वेगवेगळ्या पेशींत ठेवलेली असल्यामुळे शरीराच्या आत ती अवेळी पेटत नाहीत. ल्युसिफेरिनचा रेणू ट्रिप्टोफॅन, आयसोल्युसिन आणि आर्जिनिन या तीन अमिनो आम्लांपासून बनतो आणि तो हा प्राणी स्वतःच तयार करतो.

बचावाचे हत्यार

जपानी जातीत या प्रकाशाचा उपयोग मुख्यतः बचावासाठी होतो. माशाने प्राण्याला गिळले, की तोंडात निळा प्रकाश उसळतो. अनेक लहान मासे पारदर्शक असतात, त्यामुळे हा प्रकाश त्यांच्या अंगातून बाहेर दिसू लागतो. अंधाऱ्या पाण्यात असे उजळणे म्हणजे मोठ्या माशाला आपला ठावठिकाणा सांगणे. बहुतेक वेळा मासा घास थुंकून टाकतो आणि ऑस्ट्रॅकॉड सुटतो. शत्रू अजून गिळण्याच्या बेतात असेल, तर प्रकाशाचा ढग त्याचे लक्ष वेधून घेतो आणि ढग सोडणारा प्राणी तोवर अंधारात निसटतो.

प्रकाशाच्या ठिपक्यांची ओळ

कॅरिबियन समुद्रात याच कुळातल्या अनेक जाती राहतात. त्यांनी बचावाच्या या साधनाचा दुसरा उपयोग शोधून काढला आहे. सूर्यास्तानंतर पुरेसा काळोख झाला आणि आकाशात चंद्र नसला, की प्रवाळ खडकांवर आणि समुद्री गवताच्या पट्ट्यांवर नर प्रणयाराधन सुरू करतात. नर वेगाने पोहत ठरावीक अंतराने प्रकाशाचा एकेक थेंब सोडतो. थेंब जिथल्या तिथे राहतो आणि नर पुढे सरकतो. पाण्यात अशी ठिपक्यांची ओळ उमटते. हा प्रकाश शरीरातच राहणारा असता, तर पाण्यात फक्त एक हलता दिवा दिसला असता. ओळ दिसली नसती.

ओळीची घडण जातीनुसार ठरलेली असते. काही जातींचे नर वर चढत ठिपके सोडतात, काही खाली उतरत, काही आडवे. दोन ठिपक्यांमधले अंतर, प्रत्येक ठिपका टिकण्याचा काळ आणि ठिपक्यांची संख्या यांतही फरक असतो. एकाच खडकावर अनेक जाती नांदत असल्या, तरी मादीला आपल्या जातीचा नर यावरून ओळखता येतो. अमेरिकी जीवशास्त्रज्ञ जेम्स मॉरिन यांनी १९८० च्या दशकापासून या प्रदर्शनांचा तपशीलवार अभ्यास केला.

मादी उत्तरादाखल प्रकाश सोडत नाही. ओळ पाहून पुढचा ठिपका कुठे पडेल त्या दिशेने ती पोहत जाते आणि नराला गाठते. पिल्ले सांभाळण्यात गुंतलेल्या माद्या मीलनाला तयार नसतात. एका मादीमागे नर पुष्कळ असतात आणि चढाओढ तीव्र असते. एका नराने प्रदर्शन सुरू केले, की शेजारचे नर त्याच्या तालावर आपापल्या ओळी काढू लागतात. काही नर तर प्रकाश मुळीच खर्च करत नाहीत. दुसऱ्याच्या ओळीच्या आसपास ते अंधारात पोहत राहतात आणि येणाऱ्या मादीला वाटेतच अडवतात.

उसना प्रकाश

हा प्रकाश काही मासे उसना घेतात. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या मिडशिपमन माशाच्या अंगावर प्रकाश देणाऱ्या अवयवांच्या रांगा असतात, पण त्यांना लागणारे ल्युसिफेरिन त्याला ऑस्ट्रॅकॉड खाऊन मिळते. उत्तरेकडे प्यूजेट साउंडच्या परिसरात या माशांना असे भक्ष्य मिळत नाही. तिथले मासे अवयव असूनही उजळत नाहीत. त्यांना ऑस्ट्रॅकॉडचे ल्युसिफेरिन दिले, तर ते उजळतात. पॅराप्रायाकँथस या लहान माशाने याहून पुढची मजल मारली आहे. तो भक्ष्यातले ल्युसिफेरिनच काय, पण ल्युसिफरेजसुद्धा न पचवता आपल्या प्रकाशावयवात नेऊन वापरतो, असे जपानी संशोधकांनी २०२० मध्ये दाखवले. प्रथिन खाल्ले की पचून त्याचे तुकडे होतात. ते आख्खे वापरल्याचे हे उदाहरण म्हणूनच विरळा.

व्हार्गुलाच्याच कुळातली सायप्रिडिना डेंटाटा ही प्रकाशणारी जाती अरबी समुद्रात आढळते. पण महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर लाटा फुटताना कधीकधी दिसणारा निळा प्रकाश बहुधा नॉक्टिल्युका या एकपेशीय जीवाचा असतो. लाटेचा धक्का बसला, की नॉक्टिल्युकाची पेशी आतल्या आत क्षणभर उजळते. ती पाण्यात काही सोडत नाही.

माणसाच्या हाती

हा प्राणी वाळवला तरी त्याच्यातली द्रव्ये टिकून राहतात. पूड पाण्याने भिजवली की पुन्हा प्रकाश पडतो. कित्येक वर्षे साठवलेली पूडही याला अपवाद नाही. दुसऱ्या महायुद्धात जपानी लष्कराने हे प्राणी मोठ्या प्रमाणावर गोळा करून वाळवले. तळहातावर चिमूटभर पूड ओली केली, की शत्रूच्या नजरेत न येता नकाशा वाचण्यापुरता मंद उजेड मिळेल, अशी त्यामागची कल्पना होती.

विज्ञानात या प्राण्याला स्थान मिळवून दिले ते प्रिन्स्टनच्या ई. न्यूटन हार्वे यांनी. ल्युसिफेरिन आणि ल्युसिफरेज ही नावे फ्रेंच शास्त्रज्ञ राफाएल द्यूब्वा यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दिली होती. हार्वे १९१६ मध्ये मधुचंद्रासाठी जपानला गेले असताना त्यांची या ऑस्ट्रॅकॉडशी गाठ पडली आणि पुढे त्यांनी त्यावर दीर्घकाळ काम केले. एका प्राण्याचे ल्युसिफेरिन आणि भलत्याच प्राण्याचे ल्युसिफरेज एकत्र केल्यास बहुधा प्रकाश पडत नाही, हे त्यांच्या प्रयोगांतून स्पष्ट झाले. नाव एक असले, तरी प्रत्येकाचे रसायन वेगळे होते.

ल्युसिफेरिन शुद्ध रूपात मिळवणे मात्र अवघड ठरले, कारण हवेतल्या ऑक्सिजनने ते झटकन बिघडते. नागोया विद्यापीठात ओसामु शिमोमुरा यांनी वाळवलेल्या प्राण्यांपासून ते हायड्रोजन वायूच्या वातावरणात वेगळे केले. १९५६ मध्ये एका रात्री त्यांनी उरलेल्या द्रावणात तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल घालून ठेवले; सकाळी त्यात सुईसारखे लाल स्फटिक तयार झाले होते. या यशामुळे त्यांना प्रिन्स्टनचे बोलावणे आले. तिथे त्यांनी एका जेलीफिशमधून हिरवे प्रदीप्त प्रथिन शोधले आणि २००८ मध्ये रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचे ते एक मानकरी ठरले.

व्हार्गुलाच्या ल्युसिफरेजचा जनुक १९८९ मध्ये वेगळा करण्यात आला. हे विकर मुळातच पेशीबाहेर सोडले जाणारे आहे. त्यामुळे त्याचा जनुक दुसऱ्या प्राण्याच्या पेशीत बसवला, तरी ती पेशी विकर बाहेर टाकते. काजव्याचे ल्युसिफरेज वापरताना मोजणीसाठी बहुधा पेशी फोडावी लागते. व्हार्गुलाचे वापरले, तर पेशीभोवतीच्या द्रवाचा थेंब काढून त्यात ल्युसिफेरिन घातले की पुरते. एखादा जनुक कधी चालू होतो आणि कधी बंद पडतो, हे त्याच जिवंत पेशींत तासातासाने तपासता येते.