ड्रिल कीं इम्पॅक्ट ड्रायव्हर?

हत्यार विकत घेणें ही गोष्ट दिसते तितकी सोपी नाहीं. कित्येक दिवसांच्या मजुरीचे पैसे सांठवून आणलेलें यंत्र कामाला न येतां फळीवर पडून राहिलें, म्हणजे तें घरच्या माणसांच्या डोळ्यांत रोज सलतें. वरणगांव व भुसावळ येथील हत्यारांच्या दुकानांतून हल्लीं पिस्तुलाच्या आकाराचीं, बॅटरीवर चालणारीं दोन यंत्रें शेजारीं शेजारीं मांडलेलीं असतात. एकास ड्रिल म्हणतात, दुसऱ्यास इम्पॅक्ट ड्रायव्हर. दोन्ही दिसण्यांत भावंडें, परंतु स्वभावानें अगदीं निराळीं. दहावीनंतर सुतारकाम, वीजजोडणी अथवा फिटरचें काम शिकूं इच्छिणाऱ्या मुलामुलींस पालकांनीं प्रथम यांपैकीं कोणतें घेऊन द्यावें, या प्रश्नाचा विचार आम्ही येथें करणार आहों.

वरणगांवास १९६४ सालीं आयुध निर्माणी सुरू झाली आणि भुसावळ तर रेल्वेचेंच गांव. तेव्हां हत्यारांची ओळख या भागांतील कुटुंबांस नवी नाहीं. त्याच्याही पूर्वीं आमचे सुतार कमानीनें फिरविल्या जाणाऱ्या सामत्यानें व हातांतल्या गिरमिटानें सागाच्या तुळयांना भोंकें पाडीत असत. विजेवर चालणाऱ्या ड्रिलचें पहिलें पेटंट १८८९ सालीं ऑस्ट्रेलियांतील मेलबर्न येथें आर्थर जेम्स आर्नोट व विल्यम ब्लँच ब्रेन यांनीं घेतलें. हातांत धरून नेतां येईल असें विजेचें ड्रिल १८९५ सालीं जर्मनींतील स्टुटगार्ट येथें फाइन कंपनीनें तयार केलें. पिस्तुलासारखी मूठ व बोटाखालीं चाप या रचनेचें पेटंट अमेरिकेंतील ब्लॅक अँड डेकर कंपनीस १९१७ सालीं मिळालें, आणि बॅटरीवर चालणारें ड्रिल त्याच कंपनीनें १९६१ सालीं बाजारांत आणलें. सामता जें काम करी तेंच काम या यंत्रांनीं पुढें चालविलें. मनुष्याच्या दंडाऐवजीं मोटार आली, इतकेंच.

आतां ड्रिलची रचना पाहूं. मोटार फिरते, दांतेरी चक्रांच्या योगानें तिचा वेग कमी होऊन जोर वाढतो, आणि पुढें असलेला चक फिरूं लागतो. चकाला तीन जबडे असतात. ते आवळले म्हणजे लहानमोठें कोणतेंही गोल दांड्याचें बिट घट्ट धरलें जातें. चकाच्या मागें बहुधा आंकडे कोरलेलें एक कडें असतें, त्यास क्लच म्हणतात. तें लहान आंकड्यावर ठेवलें म्हणजे थोडा अडथळा येतांच यंत्र कटकट असा आवाज करून जोर देणें सोडतें, त्यामुळें स्क्रू जरुरीपेक्षां अधिक आंत जात नाहीं. ड्रिलचा जोर नदीच्या प्रवाहासारखा अखंड असतो. याच अखंडपणामुळें भोंक गोल, सरळ व स्वच्छ पडतें.

परंतु या गुणाबरोबर एक दोषही येतो. प्रत्येक क्रियेस तितकीच विरुद्ध प्रतिक्रिया असते, हा न्यूटनचा नियम आपण वर्गांत शिकलांच आहां. बिट एकाएकीं लांकडांत किंवा पत्र्यांत अडकलें, म्हणजे तें फिरण्याचें थांबतें आणि यंत्रच हातांत फिरूं पाहतें. तो हिसका मनगटास बसतो. मोठ्या ड्रिलला बाजूनें आणखी एक मूठ देतात ती याचसाठीं, आणि ती काढून ठेवणें म्हणजे मनगटाची जोखीम पत्करणें होय.

इम्पॅक्ट ड्रायव्हरची युक्ति निराळी आहे. त्याच्या पोटांत एक लहानसा पोलादी हातोडा असून त्याच्यापुढें ऐरण असते. हातोड्याच्या पाठीशीं दाबलेली स्प्रिंग असते. स्क्रू सहज फिरत आहे तोंवर हातोडा व ऐरण एकमेकांत अडकून एकत्रच फिरतात. अडथळा वाढला, कीं हातोडा स्प्रिंग दाबून मागें सरतो, ऐरणीच्या कानांवरून निसटतो, आणि लगेच स्प्रिंगच्या जोरानें पुढें येऊन त्या कानांवर कडेनें आदळतो. असे ठोके मिनिटास तीन हजारांवर बसतात. हा ठोका फिरण्याच्या दिशेनें बसतो, समोरच्या भिंतीच्या दिशेनें नव्हे, हें विशेष लक्षांत ठेवावें.

गंजलेला नट पान्ह्यानें कितीही दाबला तरी हलत नाहीं. परंतु पान्ह्याच्या दांड्यावर हातोडीनें दोन टोले दिले, कीं तो सुटतो, हें फिटरच्या हाताखालीं काम केलेल्या मुलांस ठाऊक असेल. महामार्गावर टायरच्या दुकानांत हवेवर चालणाऱ्या बंदुकीनें ट्रकच्या चाकाचे नट घडघड आवाज करीत क्षणांत निघतात, तिचें तत्त्वही हेंच. इम्पॅक्ट ड्रायव्हर हा तिचाच धाकटा भाऊ समजावा. प्रत्येक ठोका क्षणभराचाच असल्यामुळें आणि तो वेगानें फिरणाऱ्या हातोड्यांतून येत असल्यामुळें, मनगटाकडे मात्र बेताचाच ओढा येतो. म्हणून थोड्या ताकदीचा मनुष्यही लांब स्क्रू दिवसभर आवळूं शकतो.

जोराचें माप न्यूटन-मीटर या एककांत सांगतात. एक मीटर लांबीच्या आडव्या दांड्याच्या टोकाला सुमारें सहा किलो वजन टांगलें असतां जो पीळ पडतो, तो जवळजवळ ६० न्यूटन-मीटर होय. अठरा व्होल्टच्या सामान्य ड्रिलचा जोर ५० ते ६० न्यूटन-मीटर असतो; तितक्याच बॅटरीच्या इम्पॅक्ट ड्रायव्हरचा पुष्कळदां १५० ते १८०. हे आंकडे वाचून अनेकजण दुसऱ्याकडे धांव घेतात. परंतु हा मोठा आंकडा ठोक्याच्या क्षणाचा आहे, अखंड जोराचा नव्हे. शिवाय जोर अधिक म्हणजे काम अधिक चांगलें, असें मुळींच नाहीं.

येथें नांवांचा एक घोटाळा सांगणें अवश्य आहे, कारण त्यांत पुष्कळांचे पैसे फुकट जातात. आपल्या बाजारांत ज्यास इम्पॅक्ट ड्रिल म्हणतात, तें इम्पॅक्ट ड्रायव्हर नव्हे. इम्पॅक्ट ड्रिल म्हणजे भिंतीच्या दिशेनें पुढेंमागें ठोके देत फिरणारें ड्रिल. विटांत व काँक्रीटमध्यें भोंक पाडण्यास तेंच लागतें. नांवांतील एकच शब्द सारखा असल्यामुळें भिंतीसाठीं म्हणून इम्पॅक्ट ड्रायव्हर घरीं नेला, तर भिंतीवर नुसता ओरखडा उठतो, आणि दोष बिचाऱ्या यंत्रास दिला जातो.

आतां आपल्या घरांतील व शेतांतील कामें घेऊन परीक्षा करूं. पक्क्या घराच्या भिंतीवर फळी बसवावयाची असेल, तर प्रथम भोंक, मग त्यांत गिट्टी, आणि मग स्क्रू, असा क्रम असतो. येथें ठोक्याचें ड्रिल पाहिजे. स्क्रू शेवटीं हातानेंही आवळतां येतो. केळीच्या शेतांत ठिबक सिंचनाच्या नळीची जोडणी करतांना पी.व्ही.सी. पाइपास भोंकें पाडावीं लागतात. भोंक वेडेंवांकडें झालें, तर रबराची चकती नीट बसत नाहीं व पाणी गळतें. हेंही काम ड्रिलचेंच. कपाटाच्या बिजागरींतील पितळी स्क्रू नाजूक असतात. ते क्लच लावून ड्रिलनें किंवा हातानें आवळावे. इम्पॅक्ट ड्रायव्हरच्या ठोक्यानें त्यांचें डोकें तुटून आंतला भाग लांकडांतच राहतो.

उलट, गोठ्यावर किंवा शेडवर पत्रे बसवावयाचे असतील, तर लोखंडी कैचीवर एकामागून एक शेंकडों स्क्रू घालावे लागतात. तेथें ड्रिलनें मनगट दमतें, बिट खांचेंतून निसटतें व स्क्रूची खांच झिजते. तें काम इम्पॅक्ट ड्रायव्हरचें. खानदेशांत उन्हाळ्याच्या अखेरीस वादळें होतात, केळी आडव्या पडतात व पत्रे उडतात. उडालेला पत्रा मनुष्याचा प्राण घेऊं शकतो. म्हणून स्क्रू पक्का बसला पाहिजे. परंतु अति आवळल्यास त्याखालचें रबरी वायसर चेंगरतें आणि पावसाळ्यांत छप्पर गळतें. चापावरील बोट हलकें ठेवणें हें शिकूनच साध्य होतें.

जुन्या सागाच्या किंवा बाभळीच्या लांकडांत तर दोन्ही यंत्रांची संगत लागते. प्रथम ड्रिलनें, स्क्रूच्या आट्यांमधील गाभ्याइतक्याच जाडीचें भोंक पाडावें आणि मग ड्रायव्हरनें स्क्रू घालावा. भोंक न पाडतां कठीण लांकडांत स्क्रू रेटला, तर फळी चिरते अथवा स्क्रू मोडतो. अनुभवी सुतार दोन यंत्रें जवळ बाळगतो तो डौल म्हणून नव्हे. बिट बदलण्यांत जाणारा वेळ तो त्यामुळें वांचवितो.

काळजीच्या चार गोष्टी मुलांनीं पाठ कराव्यात. इम्पॅक्ट ड्रायव्हरचा आवाज कानास अपाय करण्याइतका मोठा असतो, म्हणून कानांत बोळे व डोळ्यांवर चष्मा हवाच. ओढणी, सैल बाही व मोकळे केस फिरत्या बिटापासून दूर ठेवावे. दिव्याच्या बटणाच्या सरळ वर किंवा खालीं भिंतीस भोंक पाडूं नये, कारण विजेची तार बहुधा तेथूनच गेलेली असते. बिट बदलतांना बॅटरी काढून ठेवावी. वैशाखांत आमच्याकडे पारा ४५ अंशांवर जातो. अशा वेळीं बॅटरी उन्हांत ठेवूं नये व तापलेली असतां चार्जिंगला लावूं नये.

आमचें मत असें, कीं घरासाठीं किंवा शिकाऊ मुलासाठीं एकच यंत्र घेणें शक्य असेल, तर तें ठोक्याची सोय व क्लच असलेलें ड्रिल असावें. तें भोंकही पाडतें आणि सावकाश का होईना, स्क्रूही आवळतें. इम्पॅक्ट ड्रायव्हर षट्कोनी दांड्याचींच बिटें धरतो, त्यास बहुधा क्लच नसतो आणि भिंतीस तो निरुपयोगी. मात्र ज्याच्या हातून रोज शेंकडों स्क्रू जाणार आहेत, त्यानें पहिल्या कमाईंतून तो अवश्य घ्यावा. तो त्याच कंपनीचा व त्याच बॅटरीचा निवडला, तर बॅटरीविना नुसतें यंत्र घेतां येतें आणि खर्च पुष्कळ वांचतो. हें ध्यानांत ठेवून पहिलें यंत्र घेतेवेळींच, त्या कंपनीचें दुसरें यंत्र आपल्या गांवांत मिळतें कीं नाहीं आणि दुरुस्ती कोठें होते, याची चौकशी पालकांनीं दुकानदाराकडे करून ठेवावी.