परदेशी सेवायात्रा : उत्साहाला हवी तयारीची जोड

चर्चच्या युवक संघातील मुले सेवायात्रेसाठी परदेशी जाणार, असे उपासनेनंतर जाहीर झाले की मंडळीत आनंदीआनंद होतो. कुणी गाणी बसवायला घेतो, कुणी सर्वांसाठी एकसारखे टी शर्ट छापायला टाकतो. घरोघरी चिवडा-लाडवांचे डबे भरण्याचे बेत ठरतात. या धांदलीत एक साधा प्रश्न मात्र मागे पडतो. ही मुले तिथे जाऊन नेमके करणार काय, आणि त्याची तिथल्या लोकांना गरज आहे का?

जबलपूरला मिशन हा शब्द नवा नाही. लिओनार्ड थिऑलॉजिकल कॉलेज, मुलींचे हवाबाग कॉलेज, जुन्या मिशन शाळा ही नावे शहराच्या अंगवळणी पडली आहेत. १९५६ पर्यंत नागपूर ज्या प्रांताची राजधानी होती त्याच प्रांतात जबलपूर असल्यामुळे तिथल्या मराठी घरांनाही या संस्थांचा परिचय जुना आहे. परदेशातून आलेल्या पाहुण्यांपैकी कोण भाषा शिकून राहिले आणि कोण नुसतेच येऊन गेले, हे अशा शहराने जवळून पाहिले आहे. तिथली मुले जेव्हा पाहुणी म्हणून बाहेर पडतात, तेव्हा हीच कसोटी त्यांनाही लागू होते.

महागात पडलेला उत्साह

जुलै २००७ मध्ये दक्षिण कोरियातील सेमुल चर्चचे २३ स्वयंसेवक अफगाणिस्तानात गेले. त्यांत १६ महिला होत्या. काबूलहून कंदाहारला जाताना त्यांची बस तालिबानने अडवली. गटाचे पाळक आणि आणखी एक तरुण यांना ठार मारण्यात आले. उरलेल्या २१ जणांची सुटका व्हायला ऑगस्टअखेर उजाडली. निघताना विमानतळावर, अफगाणिस्तानला जाऊ नका असे सांगणाऱ्या सूचनाफलकाशेजारी त्यांनी फोटो काढला होता. पुढे तो फोटो जगभर गाजला. त्यांच्या मनातील सेवाभावाबद्दल शंका घेण्याचे कारण नाही, पण सूचना समोर असूनही ती गांभीर्याने घेतली गेली नाही.

दुसरी घटना हैतीची. जानेवारी २०१० मध्ये तिथे भीषण भूकंप झाला. अमेरिकेतील बाप्टिस्ट चर्चशी संबंधित दहा जण मदतीला धावले आणि ३३ मुलांना घेऊन शेजारच्या डॉमिनिकन रिपब्लिककडे निघाले. आवश्यक कागदपत्रे नसल्याने सीमेवर त्यांना अटक झाली. ज्यांना अनाथ समजून नेले जात होते, त्यांच्यापैकी अनेकांचे आईवडील जिवंत असल्याचे नंतर उघड झाले.

आधी कायदा, मग सामान

जबलपूरच्या गटाला सर्वांत जवळचा परदेश म्हणजे नेपाळ. भारतीयांना तिथे व्हिसा लागत नाही. प्रौढांना पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र पुरते. त्यामुळे नेपाळ म्हणजे जणू शेजारचे राज्य, असा समज होतो आणि तिथेच चूक होते.

नेपाळच्या २०१५ च्या राज्यघटनेने दुसऱ्याचे धर्मांतर करण्यास मनाई केली आहे. ऑगस्ट २०१८ पासून लागू झालेल्या दंडसंहितेनुसार या गुन्ह्याला पाच वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. गुन्हेगार परदेशी असेल, तर शिक्षा भोगून झाल्यावर त्याला देशाबाहेर काढले जाते. मध्य प्रदेशातील मुलांना असे कायदे अपरिचित नाहीत. त्यांच्या राज्यात धर्मस्वातंत्र्य कायदा १९६८ मध्येच आला आणि २०२१ मध्ये त्याच्या जागी अधिक कडक कायदा झाला. म्हणून पत्रके वाटायची की शाळेची भिंत रंगवायची, हे घरीच ठरायला हवे. 'तिथे गेल्यावर बघू' हे उत्तर चालणार नाही.

इतर देशांसाठी पासपोर्टची तयारी काही महिने आधी करावी. मध्य प्रदेशचे प्रादेशिक पासपोर्ट कार्यालय भोपाळला आहे. अठरा वर्षांखालील मुलांच्या अर्जासोबत आईवडिलांची संमती जोडावी लागते. व्हिसा पर्यटनाचा आणि काम मात्र शिकवण्याचे किंवा औषधोपचाराचे, असे करू नये. त्या कामाला तो व्हिसा चालतो का, हे संबंधित दूतावासाकडून लेखी विचारून घ्यावे.

युगांडा, केनिया अशा आफ्रिकी देशांत जायचे असेल, तर पीतज्वराची लस मान्यताप्राप्त केंद्रातच घ्यावी लागते. तिचे प्रमाणपत्र दहा दिवसांनंतर ग्राह्य ठरते आणि मग आयुष्यभर चालते. ते जवळ नसेल, तर भारतात परतल्यावर सहा दिवसांपर्यंत वेगळे ठेवले जाऊ शकते.

पैशांचा हिशेबही आधीच स्पष्ट हवा. परदेशी यजमानांनी प्रेमाने चर्चसाठी देणगी देऊ केली, तरी ती खिशात घालून आणता येत नाही. परदेशी देणगी घेण्यासाठी संस्थेची विदेशी अंशदान कायद्याखाली नोंदणी असावी लागते.

बोलावणे कुणाचे?

तिथल्या मंडळीने स्वतःहून बोलावले आहे का आणि कोणत्या कामासाठी, याचे पत्र हाती असल्याशिवाय तिकिटे काढू नयेत. यजमानांना विहिरीची दुरुस्ती हवी असेल, तर कठपुतळ्यांचा खेळ नेऊन काय उपयोग? आणि भिंत बांधायची असेल, तर गावातल्या गवंड्याची रोजी आपल्यामुळे बुडत नाही ना, हेही विचारावे.

मुलांच्या बाबतीत विशेष काळजी हवी. नेपाळमधील अनाथालयांत ठेवलेल्या अनेक मुलांची आई किंवा वडील हयात असतात, हे युनिसेफने निदर्शनास आणले आहे. पाहुण्यांच्या देणग्या मिळाव्यात म्हणून मुलांना संस्थांत ठेवले जाते, अशाही तक्रारी झाल्या आहेत. चार दिवस लळा लावून निघून जाणाऱ्या पाहुण्यांमुळे ही मुले पुन्हा पुन्हा दुखावतात. परवानगीशिवाय मुलांचे फोटो काढू नयेत आणि गटातील कुणीही एखाद्या मुलासोबत एकटे राहू नये.

सराव घरच्या अंगणात

तयारीसाठी दर आठवड्याला दोन तास, असे तीन-चार महिने द्यावेत. पहिला धडा भाषेचा. नेपाळी देवनागरीतच लिहिली जाते, त्यामुळे जबलपूरच्या मुलांना पाट्या वाचता येतील आणि पन्नास-साठ वाक्ये सहज पाठ होतील. तिथे परंपरेने सुटी शनिवारची असल्याने बहुतेक चर्चमध्ये उपासनाही शनिवारीच होते. असे बारकावे माहीत असले की पाहुणा परका वाटत नाही.

दुसरा धडा कामाचा. मुलांनी आधी आपल्याच शहरातल्या एखाद्या रुग्णालयात किंवा वृद्धाश्रमात सलग काही रविवार न चुकता जावे. जो मुलगा इथे तिसऱ्या रविवारी दांडी मारतो, तो तिथे काय टिकणार? एकत्र राहताना भांडण झाले तर मिटवायचे कुणी, आजारी पडलेल्याजवळ थांबायचे कुणी, हेही सरावातच ठरते.

तिसरा धडा पालकांचा. त्यांची स्वतंत्र सभा घ्यावी. पत्ते, दूरध्वनी, विमा, औषधे, भारतीय दूतावासाचा क्रमांक, खर्चाचा तपशील यांची प्रत प्रत्येक घरी असावी. मुलींच्या मुक्कामाची व्यवस्था आणि सोबत कोण महिला आहे, हे आईने विचारले तर तिचा विश्वास कमी पडतो, असे पाळकसाहेबांनी समजू नये. तो तिचा अधिकारच आहे.

शिकायला जा

मराठी वाचकांसमोर याबाबत पंडिता रमाबाईंचे उत्तम उदाहरण आहे. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि १८८६ मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदानासाठी अमेरिकेत पोहोचल्या. तिथे त्यांनी व्याख्याने दिली, पण त्याबरोबर बालशिक्षणाची पद्धत शिकून घेतली, शाळा पाहिल्या, स्त्रियांच्या संस्थांचे काम समजून घेतले. मार्च १८८९ मध्ये मुंबईत शारदासदन सुरू झाले आणि त्याच वर्षी अमेरिकेच्या लोकस्थितीवरचे त्यांचे पुस्तकही आले. म्हणजे त्या प्रवासाचे खरे फळ परतल्यानंतर दिसले.

दहा दिवसांत कुणाचे आयुष्य बदलत नाही. बदलले तर ते जाणाऱ्याचेच बदलते. म्हणून मुलांच्या सामानात एक कोरी वही जरूर असावी. परतल्यावर महिन्याभरात त्या वहीतले मंडळीसमोर वाचून दाखवावे, पैशाचा हिशेब मांडावा आणि यजमानांना पत्र लिहून विचारावे, 'आमच्यामुळे तुम्हाला त्रास किती झाला आणि उपयोग किती?' या प्रश्नाचे खरे उत्तर ऐकण्याची तयारी ज्या गटाची आहे, त्यानेच पुढच्या यात्रेचा विचार करावा.