कुरडईचा चीक आणि प्लॅस्टिकची पिशवी

२६ जुलै २००५ ला मुंबई बुडाली, तेव्हा तुंबलेल्या गटारांचं खापर प्लॅस्टिकच्या पिशव्यांवरही फुटलं. २०१८ मध्ये महाराष्ट्राने या पिशव्यांवर बंदी घातली. पण पिशवीची गरज काही संपली नाही. मग पिशवीच कुजणारी का करू नये?

मित्रांनो, उन्हाळ्यात घरी कुरडईचा चीक शिजताना पाहिलाय ना? पांढरा चीक ढवळता ढवळता घट्ट आणि पारदर्शक होतो. गरम पाण्यात स्टार्चचे दाणे फुगून फुटतात, आतल्या लांब साखळ्या मोकळ्या होतात. हे द्रावण पातळ पसरून वाळवलं की साखळ्या एकमेकींना धरून बसतात. झाली फिल्म तयार!

लॅबमध्ये करून पाहायचं तर १०० मिली पाणी, ५ ग्रॅम मक्याचं स्टार्च आणि दीड ग्रॅम ग्लिसरीन घ्या. ढवळत ८५ अंश सेल्सिअसपर्यंत तापवा, पेट्री डिशमध्ये ओता आणि दोन दिवस वाळू द्या. ग्लिसरीन विसरलात तर हातात पापड येईल, कडकन मोडणारा! ग्लिसरीनचे छोटे रेणू साखळ्यांमध्ये शिरतात, म्हणून त्या एकमेकींवरून सरकू शकतात. ते जास्त झालं तर फिल्म चिकट आणि लेचीपेची होते.

खरी अडचण पाण्याची. स्टार्च पाणी ओढून घेतं, त्यामुळे पावसाळ्यात ही पिशवी मऊ पडणार. इथे कोळंबीची फेकून दिलेली टरफलं कामी येतात. त्यांतला चुना सौम्य आम्लाने आणि प्रथिनं अल्कलीने काढली की कायटिन उरतं. ते तीव्र अल्कलीत तापवलं की कायटोसान मिळतं. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने यावर बरंच काम केलं आहे. कायटोसान सौम्य ॲसेटिक आम्लात विरघळवून स्टार्चमध्ये मिसळलं की फिल्म मजबूत होते, पाणी कमी पिते आणि जंतूंची वाढही रोखते.

पण गंमत अशी, की पाण्यापुढे आणि जंतूंपुढे फिल्म जितकी पक्की करू, तितकी ती कुजायला हट्टी होते. मक्यापासूनच बनणारं पीएलए पाहा. पाण्यात ते छान टिकतं, पण झटपट कुजायला त्याला सुमारे ५८ अंशांचं कंपोस्ट लागतं. गटारात ते वर्षानुवर्षं पडून राहील आणि पाणी तसंच तुंबवेल.

तेव्हा कुणी ‘बायोडिग्रेडेबल’ म्हणून पिशवी पुढे केली, तर एवढंच विचारा : किती दिवसांत आणि कुठे? प्रोजेक्टला विषय शोधत असाल, तर इथूनच सुरुवात करा. फिल्मचे तुकडे कुंडीतल्या मातीत पुरा आणि दर आठवड्याला वजन घ्या.