टाइल बसवण्याआधी: फरशीखालची ऊब

आयसेलिनमधल्या तुमच्या जुन्या घरातल्या बाथरूमची फरशी बदलायला काढली आहे? मग तिच्याखाली विजेची हीटिंग केबल टाकायची हीच वेळ. जानेवारीत भारतातून आलेले आई-बाबा अनवाणी पाय टेकतील, तेव्हा फरक कळेल.

हिशेब सोपा आहे. दर चौरस फुटाला साधारण 12 वॉट. मोकळी जागा 40 चौरस फूट असेल तर 480 वॉट, म्हणजे 120 व्होल्टवर 4 अँपियर. कमोड आणि पक्क्या कपाटाखाली केबल नको. तिथे उष्णता कोंडते. काँक्रीटवर आधी इन्सुलेशन बोर्ड टाका, नाहीतर ऊब खालीच जिरते.

खरी गोम पुढे आहे. टाइल बसल्यावर केबल बिघडली, तर फरशीच फोडावी लागते. म्हणून मल्टिमीटरने रेझिस्टन्स तीनदा मोजून लिहून ठेवा: खोक्यातून काढल्यावर, अंथरल्यावर आणि टाइल लागल्यावर. आपल्या उदाहरणात तो 30 ओहमच्या आसपास हवा. आकडा बिघडला, तर काम तिथेच थांबवा. हीटिंग केबल कधीही कापू नका.

जीएफसीआय असलेला थर्मोस्टॅट घ्या. वूडब्रिज टाउनशिपचं इलेक्ट्रिकल परमिट काढा आणि इन्स्पेक्टरने केबल पाहिल्यावरच टाइल लावा. टाइलखालचा मसाला पूर्ण सुकेपर्यंत मात्र बटण दाबायचं नाही!