निरोप आणि निरोप्या : अहेरी परिसरातील संज्ञापनाचे स्थित्यंतर

समाजमाध्यमांमुळे संज्ञापनात कोणते बदल घडत आहेत, या प्रश्नाची चर्चा आपल्याकडे बहुधा नगरांतील सुशिक्षित वर्गाच्या अनुभवावरून केली जाते. पत्रे लिहिणारा मनुष्य पत्रे लिहीनासा झाला, वर्तमानपत्र वाचणारा भ्रमणध्वनीच्या पडद्यावर बातम्या पाहू लागला, अशी या चर्चेची सर्वसाधारण मांडणी असते. या मांडणीत एक गृहीत अंतर्भूत आहे. ते असे की, नवे माध्यम येण्यापूर्वी समाजाचे व्यवहार लेखनाच्या व मुद्रणाच्या आधारे चालत होते. परंतु ज्या प्रदेशात घरची भाषा क्वचितच लिहिली गेली आणि मुद्रित मजकूर जेथवर पोचला तेथवर तो परक्या भाषेतच पोचला, तेथे हे गृहीत टिकत नाही. गडचिरोली जिल्ह्याचा अहेरी परिसर हा असाच एक प्रदेश होय.

प्रस्तुत लेखाचे प्रतिपाद्य थोडक्यात असे आहे. या परिसरात समाजमाध्यमांनी घडविलेला मुख्य बदल वेगाचा नाही. तो निरोप आणि निरोप्या यांच्या परस्परसंबंधातील आहे. पूर्वी निरोप्यावाचून निरोप प्रवास करू शकत नसे. आता तो करू शकतो. याच बदलामुळे गोंडी व माडिया या बोलींना पूर्वी कधी न लाभलेली संधी लाभली आहे, आणि याच बदलामुळे ऐकिवाची शहानिशा करण्याची जुनी रीत दुबळी होऊ लागली आहे. या दोन्ही बाजूंचा एकत्र विचार केल्याशिवाय प्रश्नाचे खरे स्वरूप ध्यानी येणार नाही.

१

प्रथम प्रदेशाची स्थिती पाहू. अहेरी ही ब्रिटिश अमदानीत चांदा जिल्ह्यातील एक मोठी जमीनदारी होती. पुढे २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा अस्तित्वात आला व अहेरी त्यात समाविष्ट झाली. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या १०,७२,९४२ असून दर चौरस किलोमीटरला सुमारे ७४ माणसे असे तिचे प्रमाण पडते. जिल्ह्याचा बहुतांश भाग वनाच्छादित आहे. वस्ती विरळ आणि गावे दूरदूर. अहेरी-आलापल्लीहून भामरागडकडे जाणारी वाट पर्लकोटेच्या पुरामुळे पावसाळ्यात बंद पडण्याचे प्रसंग वारंवार आलेले आहेत. अशा मुलखात बातमीचे मोल निराळेच असते.

भाषेची स्थिती याहूनही विचारार्ह आहे. प्राणहितेच्या पलीकडे तेलंगण आणि इंद्रावतीच्या पलीकडे छत्तीसगडातील बस्तर. अहेरीच्या बाजारात मराठी, तेलुगू आणि गोंडी या भाषा एकमेकींत मिसळतात. भामरागडच्या बाजूस माडिया बोली चालते. गोंडी ही तेलुगूप्रमाणेच द्राविड कुळातील भाषा असून २०११ च्या जनगणनेत तिच्या भाषकांची संख्या २९ लाखांहून अधिक नोंदली गेली आहे. तथापि राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत तिला स्थान नाही. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेने भाषावार सीमा आखल्या. परंतु गोंडी भाषकांच्या दृष्टीने त्या सीमा परभाषांच्या होत्या. एकाच कुळातील मुले अलीकडच्या तीरावर मराठीतून, पलीकडच्या तीरावर तेलुगूतून आणि इंद्रावतीपार हिंदीतून शिकू लागली.

याचा लेखनावर झालेला परिणाम उघड आहे. गोंडी महाराष्ट्रात लिहिली गेली ती देवनागरीत, आणि तेलंगणात मुख्यतः तेलुगू लिपीत. मंगलसिंह मसराम यांनी १९१८ मध्ये गोंडीसाठी स्वतंत्र लिपी निर्माण केली. आदिलाबादकडील गुंजाळा येथे वेगळ्याच लिपीतील हस्तलिखिते उजेडात आली. संगणकीय लिप्यांच्या युनिकोड या जागतिक प्रमाणात यांपैकी पहिलीचा समावेश २०१७ मध्ये व दुसरीचा २०१८ मध्ये झाला. लिप्या अनेक, परंतु सर्वांना वाचता येईल अशी एकही नाही. प्राणहितेच्या एका तीरावर लिहिलेली गोंडी चिठ्ठी दुसऱ्या तीरावरील आप्ताला वाचता येईलच अशी खात्री नव्हती.

२

लेखनाचा असा अभाव होता, म्हणून संज्ञापनाची व्यवस्थाच नव्हती असे मात्र समजू नये. ती होती आणि तिला स्वतःची शिस्त होती. आठवडी बाजार हे तिचे पहिले केंद्र. मीठ, कापड, मोहफुले यांच्या देवघेवीबरोबरच सोयरिकीची बोलणी, मयताची वार्ता, वनखात्याच्या नव्या हुकुमाची माहिती हे सर्व बाजारातूनच गावोगाव जाई. दुसरे केंद्र गोटुल. व्हेरियर एल्विन यांनी मुरियांच्या गोटुलावर १९४७ मध्ये लिहिलेल्या ग्रंथामुळे तरुणांचे शयनगृह म्हणून त्याची ख्याती झाली. परंतु माडिया गावांत गोटुल हे गावाच्या बैठकीचे आणि पाहुण्याच्या विसाव्याचेही ठिकाण होते. बाहेरून आलेला मनुष्य तेथे उतरे आणि त्याची बातमी तेथेच ऐकली जाई. तिसरे साधन कोतवालाची दवंडी; आणि चौथे, राजगोंडांचे परधान, जे किंगरीच्या साथीने कुळांच्या उत्पत्तिकथा पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले.

या चारही प्रकारांत एक समान तत्त्व आढळते. निरोप नेहमी एखाद्या माणसाच्या मुखातून येतो आणि तो माणूस समोर असतो. त्याला विचारता येते : तू हे स्वतः पाहिलेस की ऐकलेस? कोणाकडून ऐकलेस? खोटा निरोप आणणाऱ्याला पुढच्या बाजारात तोंड दाखवावे लागे. शिवाय ऐकणारा एकटा नसे. बातमी गटाने ऐकली जाई आणि तिचा अर्थही गटानेच लावला जाई. म्हणजे संज्ञापन आणि शहानिशा या दोन वेगळ्या क्रिया नव्हत्या. एकीतच दुसरी सामावलेली होती.

या व्यवस्थेचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. तिच्यात बातमी उशिरा पोचे, स्त्रियांचा आवाज पुष्कळदा बैठकीबाहेर राही आणि सरकारी कागदाचा अर्थ लावणारा मध्यस्थ गावाला सहज फसवू शके. तरीही निरोप्याचे उत्तरदायित्व हा तिचा गाभा होता, ही गोष्ट विसरून चालणार नाही.

३

या परिसरात भ्रमणध्वनी आला तो निराळ्या परिस्थितीत आला. आलापल्ली-अहेरीसारख्या मोठ्या गावांत तो बाजाराच्या मार्गाने आला. आतल्या गावांत त्याचा प्रवेश बऱ्याच अंशी सुरक्षाविषयक धोरणाचा भाग होता. नक्षलग्रस्त भागांत मनोरे उभारण्याच्या केंद्र शासनाच्या योजनेत, ज्या २,३४३ ठिकाणी प्रथम २जी सेवा देण्यात आली, तेथे ती ४जी करण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२२ मध्ये मान्यता दिली. दुसऱ्या बाजूने, जिल्ह्यात माओवाद्यांनी मनोरे जाळल्याच्या घटनाही घडल्या. 'खबरी' असल्याच्या संशयावरून माणसांचे प्राण गेले त्या काळात खिशातला दूरध्वनी हे केवळ सोयीचे साधन नव्हते. ते बाळगणे म्हणजे एक बाजू घेणे असे मानले जाण्याचा धोका होता. नगरातील वाचकाच्या कल्पनेत न येणारी ही गोष्ट येथील संज्ञापनाच्या इतिहासात मध्यवर्ती आहे.

२०१६ नंतर देशभर आंतरजालाचे दर कोसळले आणि स्वस्त दूरध्वनी हाती आले. व्हॉट्सॲपने ध्वनिसंदेशाची सोय २०१३ मध्येच केलेली होती. लिहिता येणाऱ्याला ती एक किरकोळ सोय वाटते. ज्याच्या भाषेला सर्वमान्य लिपी नाही त्याच्या दृष्टीने मात्र हीच या माध्यमातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट ठरते. प्राणहितेच्या दोन तीरांवर जी चिठ्ठी अडत होती तेथे आवाज अडत नाही. गोंडी बोलणारी आजी आता मुलाला हैदराबादेत किंवा नागपुरात स्वतःच्या भाषेत निरोप धाडू शकते; तो निरोप लिहून देण्यासाठी तिला कोणा शिकलेल्याचे आर्जव करावे लागत नाही.

वॉल्टर ऑंग यांनी १९८२ मध्ये 'द्वितीय मौखिकता' ही संकल्पना विशद केली. नभोवाणी, दूरध्वनी यांनी मौखिकता पुन्हा आणली, परंतु ती लेखन व मुद्रण यांच्या पायावर उभी असलेली मौखिकता होय, असे त्यांचे म्हणणे. गोंडीच्या बाबतीत हा क्रम पुरता लागू पडत नाही. येथे समाज लेखनाचा टप्पा ओलांडून परत आवाजाकडे आलेला नाही. तो पहिल्या मौखिकतेतून, लेखनाचा उंबरठा बाजूला ठेवून, थेट दुसरीत उतरला आहे. यंत्र लेखनसंस्कृतीचे असले तरी वापरणाऱ्याची भाषा त्या संस्कृतीत वाढलेली नाही. हा सिद्धान्ताचा अपवाद अधिक अभ्यासास पात्र आहे.

तथापि संधी सर्वच दिशांनी सारखी नाही. घरगुती निरोप आवाजाने आणि गोंडीत जातो. परंतु शासकीय परिपत्रक, शाळेची सूचना, शिष्यवृत्तीची मुदत ही मराठी मजकुरानेच येतात. यामुळे एकाच यंत्रात संज्ञापनाचे दोन स्तर निर्माण झाले आहेत : वरून खाली येणारे लिखित व परभाषिक, आणि आडवे पसरणारे मौखिक व स्वभाषिक. या दोहोंमध्ये उभा राहतो तो वाचता येणारा तरुण. मजकूर वाचून तो घरातील वडीलधाऱ्यांना गोंडीत सांगतो. जुना निरोप्या गेला असे म्हणताना हा नवा निरोप्या नजरेआड होऊ नये.

४

आता दुसरी बाजू. निरोप निरोप्यापासून सुटला म्हणजे काय होते, याचे सर्वांत दारुण उदाहरण महाराष्ट्रातच, परंतु राज्याच्या दुसऱ्या टोकाला, धुळे जिल्ह्यातील आदिवासी भागात घडले. साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे १ जुलै २०१८ रोजी, आठवडी बाजाराच्या दिवशी, मुले पळविणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच जणांना ठार मारले. मृत नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, मंगळवेढ्याकडून भिक्षेसाठी आलेले भटके लोक होते. त्या काळात अशा अफवांसोबत देशभर फिरलेल्या एका चित्रफितीचे मूळ कराचीत होते. बालसुरक्षेविषयी जागृती करण्यासाठी ती तयार करण्यात आली होती, आणि मूल परत आणून सोडल्याचा तिचा शेवटचा भाग कापून टाकण्यात आला होता.

या घटनेतील एक विपर्यास लक्षात घेण्याजोगा आहे. भटकी भिक्षेकरी मंडळी ही जुन्या व्यवस्थेत गावोगावच्या वार्ता वाहणारी माणसे होत. बाजाराच्या दिवशी, भर बाजारात, समोर उभ्या असलेल्या माणसांना 'तुम्ही कोण, कोठले' असे विचारून त्यांच्या उत्तरावर विश्वास ठेवता आला असता. परंतु प्रत्यक्ष माणसाच्या शब्दापेक्षा अप्रत्यक्ष संदेशाचा शब्द भारी ठरला. ज्याला प्रश्न विचारता येत होता त्याचे ऐकले गेले नाही. ज्याला प्रश्न विचारता येत नव्हता त्याचे खरे मानले गेले.

याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठविता येईल अशी मर्यादा घातली आणि पुढे पाठविलेल्या संदेशावर तशी खूण दाखविण्यास आरंभ केला. या उपायांनी प्रसाराचा वेग कमी होतो. परंतु मूळ दोष वेगाचा नसून अनामिकतेचा आहे. 'फॉरवर्ड' ही खूण संदेश दुसऱ्याचा आहे एवढेच सांगते. तो कोणाचा, हे सांगत नाही.

५

यावर तोडगा असू शकतो काय? एक उदाहरण इंद्रावतीपलीकडचे आहे. छत्तीसगडात २०१० च्या सुमारास शुभ्रांशु चौधरी यांनी 'सीजीनेट स्वर' हा उपक्रम सुरू केला. साध्या दूरध्वनीवरून ठरावीक क्रमांक फिरवावयाचा. मग स्वतःचे निवेदन ध्वनिमुद्रित करावयाचे किंवा इतरांचे ऐकावयाचे. निवेदन गोंडीतही चालते. महत्त्वाचा भाग पुढेच आहे. निवेदक सामान्यतः स्वतःचे नाव व गाव सांगतो, आणि प्रसारणापूर्वी संपादक निवेदन पारखून पाहतात. म्हणजे यंत्र नवे, परंतु निरोप्याचे उत्तरदायित्व जुनेच. अशा देवघेवीतून प्रांतोप्रांतीच्या गोंडीतील शब्दभेदही उघडे पडले, आणि समान शब्दकोशाची गरज भासू लागली.

दुसरे उदाहरण गडचिरोलीतलेच. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. तेथील ग्रामसभा निर्णय बहुमताने न घेता सर्वसहमतीने घेते, आणि त्यासाठी लागणारी माहिती अभ्यास गटात बसून आधी तपासली जाते. या रीतीत बाहेरची माहिती निषिद्ध नाही. मात्र ती गावात शिरताना कोणा ओळखीच्या माणसाच्या तोंडून व प्रश्नोत्तरांतून शिरते.

हा मुद्दा केवळ सांस्कृतिक नाही. १९९६ च्या पेसा कायद्याने आणि २००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेच्या संमतीला वैधानिक मोल दिले आहे. बांबू, तेंदूपाने, खाणीसाठी वनजमीन, अशा विषयांवर ही संमती निर्णायक ठरते. एकेकाळी न वाचलेल्या कागदावर अंगठा उठवून घेतला जाई. आज समूहसंदेशाखाली अंगठ्याचे चिन्ह उमटते. पहिल्या अंगठ्याला संमती मानण्याची चूक या मुलखाने पुरेपूर भोगलेली आहे; दुसऱ्याला संमती मानण्याची चूक करू नये. समूहावर माहिती यावी, चर्चा गोटुलात किंवा पारावर, समोरासमोर व्हावी, हाच विवेक होय.

वरील विवेचनावरून अभ्यासाच्या दोन दिशा सूचित होतात. एक, गोंडी-माडियातील ध्वनिसंदेशांचा भाषाशास्त्रीय अभ्यास. बोलणाऱ्यांची संमती घेऊन असा संग्रह झाला, तर नदीपलीकडच्या नातलगाशी बोलताना बोली कशी वाकते, कोणते मराठी-तेलुगू शब्द पचविते, हे प्रथमच कळेल. दोन, वाचून सांगणाऱ्या तरुणाच्या भूमिकेचा समाजशास्त्रीय अभ्यास. २०११ मध्ये स्थापन झालेल्या गोंडवाना विद्यापीठाच्या कक्षेतील, घरी या भाषा बोलणाऱ्या विद्यार्थ्यांनी हे काम हाती घेतल्यास ते अधिक विश्वसनीय होईल. कारण जी गोष्ट येथील निरोपाविषयी खरी आहे ती संशोधनाविषयीही खरी आहे : सांगणारा कोण आहे आणि त्याला उलट प्रश्न विचारता येतो किंवा नाही, यावरच सांगितलेल्याचे मोल ठरते.