घाम वाचवणारा पोशाख

फ्रँक हर्बर्ट या अमेरिकन लेखकाची ‘ड्यून’ ही विज्ञान-कादंबरी १९६५ साली प्रसिद्ध झाली. पुढच्याच वर्षी तिला ह्यूगो आणि नेब्युला हे दोन्ही पुरस्कार मिळाले. कथा घडते अराकिस नावाच्या वाळवंटी ग्रहावर. तेथे पाऊस पडत नाही. म्हणून वाळवंटातील रहिवासी अंगभर एक खास पोशाख घालतात. घाम, मूत्र आणि श्वासातील बाष्प यांतले पाणी हा पोशाख पुन्हा पिण्याजोगे करतो.

कल्पना मोठी मोहक आहे. पण ती भौतिकशास्त्राच्या कसोटीला उतरते का?

घाम येतो तो शरीर थंड राखण्यासाठी. एक ग्रॅम घामाची वाफ होताना त्वचेतून सुमारे ५८० कॅलरी उष्णता घेतली जाते. हीच अप्रकट उष्मा. वाफेबरोबर ती हवेत निघून जाते. माठातले पाणी याच कारणाने गार होते. माठाला बाहेरून प्लास्टिक घट्ट गुंडाळून पाहा, पाणी तसे गार होणार नाही.

आता पोशाखाकडे वळू. पाणी परत हवे, तर वाफेचे पुन्हा पाणी व्हायला हवे. तसे होताना तीच ५८० कॅलरी उष्णता बाहेर पडते आणि तीही पोशाखाच्या आतच! पाणी वाचले, पण उष्णताही परत आली.

हिशेब करू. स्वस्थ बसलेला माणूस सुमारे १०० वॅट, म्हणजे तासाला ८६ किलोकॅलरी उष्णता निर्माण करतो. ६० किलोग्रॅम वजनाच्या शरीराचे तापमान एक अंश सेल्सिअसने वाढण्यास सुमारे ५० किलोकॅलरी पुरतात. बाहेरची हवा त्वचेहून उष्ण असेल, तर उष्णता आपणहून बाहेर जाणार नाही. तीन तासांत शरीराचे तापमान ३७ वरून ४२ अंशांवर जाईल. मग तहानेने नव्हे, तर उष्माघाताने जीव जाईल!

उष्णता बाहेर ढकलायची तर कार्य करावे लागते. रेफ्रिजरेटर विजेच्या साहाय्याने तेच करतो. कादंबरीतला पोशाख चालण्याच्या हालचालींवर चालतो. पण चालताना स्नायू आणखी उष्णता निर्माण करतात.

मग ही कल्पना टाकाऊच का? नाही. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर २०२३ साली अशाच पाण्यापैकी ९८ टक्के पाणी परत मिळवण्यात आले. तेथे यंत्रांना वीज मिळते आणि उष्णता मोठ्या पट्ट्यांमधून अवकाशात फेकली जाते.

आता तुम्हीच विचार करा : वाळवंटातल्या थंड रात्री हाच पोशाख अधिक उपयोगी का पडेल?