घरातील बिनतारी इंटरनेट : बिघाड नेमका कोठे?

मुंबई-नागपूर लोहमार्गावरून खामगावला यायचे, तर जलंब स्थानकावर गाडी बदलावी लागते. तेथून सुमारे १३ किलोमीटर लांबीचा शाखामार्ग कापसाच्या आणि चांदीच्या या जुन्या बाजारपेठेत येऊन थांबतो. वऱ्हाडातील कापसाच्या वाहतुकीसाठी १८७० मध्ये हा मार्ग सुरू झाला. गाडीला उशीर झाला की जाणता प्रवासी प्रथम एवढेच विचारतो : अडचण मुख्य मार्गावर आहे, शाखेवर आहे, की स्थानकाच्या आवारात?

घरातील इंटरनेट वारंवार खंडित होत असेल, तर हाच प्रश्न विचारणे अगत्याचे असते. शहरापर्यंत येणारी ऑप्टिकल फायबरची वाहिनी हा मुख्य मार्ग, तेथून घरापर्यंत आलेली बारीक तार ही शाखा आणि घरातील राउटरपासून भ्रमणध्वनीपर्यंतचा बिनतारी टप्पा, म्हणजेच वाय-फाय, हे स्थानकाचे आवार होय. शेवटचा टप्पा अवघ्या दहा-पंधरा मीटरांचा असला, तरी अनेक अडचणी तेथेच उद्भवतात.

शाळेची यू-डायस प्लसवरील माहिती, ग्रामपंचायतीच्या ई-ग्रामस्वराजवरील नोंदी, विद्यार्थ्यांचे शिष्यवृत्तीचे अर्ज ही कामे आता इंटरनेटवरूनच पार पाडावी लागतात. मुदतीच्या अखेरच्या सायंकाळी अर्ज अर्ध्यावर अडकला, तर नुकसान विद्यार्थ्याचे होते. अशा वेळी अधिक वेगाची योजना घेण्याकडे किंवा नवा राउटर आणण्याकडे कल असतो. परंतु बिघाडाचे ठिकाण न शोधता केलेला हा खर्च बहुधा वाया जातो.

तपासणीच्या तीन पायऱ्या

पहिली पायरी दिव्यांची. फायबरची तार ज्या पेटीत येते, तिच्यावर ‘एलओएस’ अशी अक्षरे असलेला दिवा असतो. तो लाल झाला, तर तारेतून प्रकाश पोहोचत नाही असे समजावे. तार कोठे तुटली असेल, उंदराने कुरतडली असेल किंवा दाराच्या फटीत दबून तीव्र कोनात वाकली असेल. फायबरमधून वीज नव्हे, प्रकाश वाहतो. त्यामुळे तांब्याच्या तारेप्रमाणे ती वळवून खिळ्याला गुंडाळणे योग्य नव्हे.

दुसरी पायरी तारेची. संगणक राउटरला नेटवर्कच्या तारेने जोडावा आणि काही वेळ नेहमीचे काम करावे. तारेवर काम सुरळीत चालते आणि वाय-फायवर मात्र अडते, असे आढळल्यास दोष घरातील बिनतारी टप्प्यात आहे. तारेवरही खंड पडत असल्यास दोष वाहिनीत, राउटरमध्ये किंवा वीजपुरवठ्यात शोधावा. तार जोडण्याची सोय नसल्यास भ्रमणध्वनी राउटरपासून दोन मीटरवर ठेवून पाहावे. ही चाचणी तारेइतकी निर्णायक नसली, तरी अंदाज येण्यास पुरेशी ठरते.

तिसरी पायरी नोंदीची. आठवडाभर एका वहीत दिनांक, वेळ, खोली, दिव्यांची स्थिती आणि त्या वेळी वीज होती किंवा नाही, एवढे लिहावे. केवळ रात्रीच वेग मंदावत असेल, तर एकाच वेळी अनेक ग्राहकांचा भार हे संभाव्य कारण असते. पावसानंतर खंड पडत असेल, तर बाहेरील जोड तपासावे लागतात.

घरातील अडथळे

वाय-फायच्या लहरी प्रामुख्याने २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ या दोन पट्ट्यांत असतात. पहिल्या पट्ट्यातील लहरी दूरवर पोहोचतात, पण वेग कमी असतो. दुसऱ्या पट्ट्यात वेग अधिक मिळतो, परंतु भिंतींमुळे लहरी लवकर क्षीण होतात. जुन्या खामगावातील जाड भिंतींच्या घरांत हा फरक विशेष जाणवतो. धातू आणि पाणी हे तर मोठेच अडथळे. लोखंडी आलमारी, पाण्याची टाकी, टिनाचे छप्पर आणि उन्हाळ्यात खिडकीत बसविलेला पाण्याने भरलेला कूलर लहरींना अडवितात. म्हणून राउटर घराच्या मध्यभागी, माणसाच्या डोक्याइतक्या उंचीवर, उघड्या जागी ठेवणे श्रेयस्कर.

दाट वस्तीत शेजाऱ्यांचे राउटर एकाच पट्ट्यात एकमेकांच्या आड येतात. २.४ गिगाहर्ट्झमधील १, ६ आणि ११ हे तीन चॅनल परस्परांत मिसळत नाहीत. त्यांपैकी कमी वापरातील चॅनल राउटरच्या सेटिंगमध्ये निवडता येतो. मायक्रोवेव्ह भट्टीही याच पट्ट्याजवळ चालते, त्यामुळे ती सुरू असताना जोडणी डळमळू शकते.

ऊन आणि वीज

विदर्भातील उन्हाळ्यात टिनाखाली ठेवलेला राउटर तापून बंद पडू शकतो. त्याच दिवसांत विजेचा दाबही वर-खाली होतो. वीज क्षणभर गेली, तरी राउटर पुन्हा सुरू होऊन जोडणी मिळण्यास काही मिनिटे लागतात. दिवे एकाएकी सर्व मालवून पुन्हा लागत असतील, तर दोष इंटरनेटचा नसून विजेचा किंवा अडॅप्टरचा असतो. राउटरसाठी मिळणारा लहान बॅटरी-संच या ठिकाणी उपयुक्त ठरतो.

तक्रार कशी करावी?

वेग मोजताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. योजनेतील आकडा मेगाबिटमध्ये असतो, तर फाइल उतरविताना दिसणारा आकडा बहुधा मेगाबाइटमध्ये. आठ बिटांचा एक बाइट होतो, म्हणून ४० मेगाबिटच्या जोडणीवर सेकंदाला फार तर ५ मेगाबाइट मिळतील. जानेवारी २०२३ च्या केंद्र शासनाच्या अधिसूचनेनुसार किमान २ मेगाबिट वेग असेल, तरच त्या जोडणीला ब्रॉडबँड म्हणता येते.

दोष घराबाहेर असल्याचे आढळल्यास सेवा देणाऱ्या कंपनीकडे तक्रार नोंदवून तक्रार क्रमांक अवश्य घ्यावा. निराकरण न झाल्यास त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे दाद मागता येते. ‘इंटरनेट चालत नाही’ एवढ्या वाक्यापेक्षा ‘तारेवरही रोज रात्री ८ ते १० या वेळेत खंड पडतो’ ही नोंद तंत्रज्ञाला अधिक उपयोगी पडते.

शाळा आणि ग्रामपंचायत कार्यालये यांनाही हीच पद्धत लागू पडते. राउटरशेजारी एक वही आणि नेटवर्कची एक तार ठेवली, तर पुढील मुदतीच्या दिवशी कोणाचा अर्ज अडून राहण्याची वेळ सहसा येणार नाही.